दाणे कोणी घातले

गाडीवाल्याला फोन आईनेच केला होता, हे दादाला रविवारी सकाळी गोठ्याच्या दारात कळलं.

आई गाईच्या पाठीवरून खरारा फिरवत होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते, तरी गोठ्यात ती काळा चष्मा लावूनच येत असे. गाय पहिले दोन दिवस त्या चष्म्याला बिचकली, मग तिने तोही मान्य करून टाकला.

"चार वाजता येतो म्हणाला," आई म्हणाली. "गाय, दोन्ही शेळ्या आणि कोंबड्या. हंस नको म्हणाला. वकिलाची कीर्ती तिथपर्यंत पोचलेली दिसते." भांडखोर हंसाला घरात सगळे वकील म्हणत.

"कोण येतो चार वाजता?"

"जनावरांचा व्यापारी. बाबांनी हिला ज्याच्याकडून आणलं त्याचा मुलगा." तिने गाईच्या मानेवर थाप मारली. "पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे. खोली तयार आहे म्हणत होतास ना?"

खोली दोन वर्षं तयार होती. बाबा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात दादाने ती रंगवून घेतली होती. तेव्हापासून दर भेटीत तो विषय काढायचा आणि दारात आलेली कोंबडी हुसकावावी तसा आई तो हुसकावून लावायची. दादा पुलांची तपासणी करायचा. वर्षानुवर्षं न हलणाऱ्या गोष्टींची त्याला सवय होती. अशी गोष्ट एका दिवसात हलली, तर खालचं काहीतरी खचलं असणार, असंच त्याच्या मनात येई.

"काय झालंय, आई?"

"काय व्हायचंय? तू दोन वर्षं म्हणत होतास."

"आणि तू दोन वर्षं नाही म्हणत होतीस."

"मग आता हो म्हटलं. मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल."

त्याला बरं वाटत नव्हतं. हवं ते हातात पडलं होतं आणि ते कुठून धरायचं हेच कळत नव्हतं.

"काकांना सांगितलंस?"

"सांगते."

"आणि बेबीला?"

"ती येतेच आहे दुपारी जेवायला. तू आपला भांडायच्या तयारीत राहा."

शेजारच्या खणात थोरली शेळी एका सुरात ओरडत होती. दिवस लहान होऊ लागले की शेळ्या माजावर येतात आणि आठवडाभर कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. दादा आणखी काहीतरी विचारणार होता. पण शेळीपुढे आवाज चढवून विचारावं असा तो प्रश्न नव्हता.

*

गोठ्यातून आई कोंबड्यांच्या आवाराकडे गेली. धुकं अजून जमिनीला चिकटून होतं. कोंबड्यांची पिसं गळायचे दिवस होते आणि नाशपातीची पानंही गळत होती, त्यामुळे पायाखाली पीस येतंय की पान, ते समजत नव्हतं. चौदा कोंबड्या, निम्म्यांच्या माना उघड्या पडलेल्या, खुराड्यासमोर मन लावून टिपत होत्या.

दाणे घातलेले होते.

तिचा हात स्वेटरच्या कडेकडे गेला. पाच चिमटे. पाचही डावीकडे.

कपडे वाळत घालायचे साधे लाकडी चिमटे होते ते. अकरा दिवसांपूर्वी तिने ते स्वेटरला लावायला सुरुवात केली होती. कोंबड्यांना दाणे घातले की एक चिमटा डावीकडून उजवीकडे. पाणी बदललं की दुसरा. गाईचा चारा, तिसरा. शेळ्यांचा, चौथा. खुराडं झाडलं की पाचवा. घरात पाहणाऱ्याला वाटायचं, कपडे वाळत घालता घालता ही चिमटे काढायला विसरली, आणि तिने ते तसंच वाटू दिलं होतं.

आधी नुसता संशय होता. दाण्याचं डबडं घेऊन यावं तर कोंबड्या आधीच टिपतायत. गव्हाणीत चारा टाकायला जावं तर तिथे चारा आहे. चिमट्यांनी संशय मिटायला हवा होता. चिमटा उजवीकडे आणि दाणे नाहीत, तर न केलेलं काम केलं असं तिला वाटतं. दाणे आहेत आणि चिमटा डावीकडे, तर ती काम करते आणि केलेलं विसरते, इतकी विसरते की चिमटा सरकवायचाही राहतो. अकरापैकी आठ दिवस हे दुसरं घडलं होतं. दोनदा तर तिने स्वतःवर विश्वास न ठेवता पुन्हा दाणे घातले होते.

तिसरी शक्यताही तिने तपासून पाहिली होती. ऑपरेशनपासून सोबतीला राहिलेली सूनबाई आठ वाजता जांभया देत खाली येते. पलीकडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या धाकट्या दिरांच्या दाराची कडी नऊच्या आत कधी वाजत नाही. ती स्वतः सहाला डोळ्यांत थेंब टाकून अर्धा तास डोळे मिटून पडते, तेव्हा घरात चिटपाखरू हलत नाही. म्हणजे उरली तीच.

तीस वर्षं तिने औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून दिल्या होत्या. एकदाही चूक झाली नव्हती. उभ्या उभ्या तिने जुन्या गिऱ्हाइकांची औषधं मनात म्हणून पाहिली. कोणती गोळी, किती, जेवणाआधी की नंतर. सगळी जागच्या जागी होती. तेच तिला उमगत नव्हतं. वीस वर्षांपूर्वीच्या गोळ्या शाबूत आणि आज सकाळचे दाणे गायब. तिने वाचलं होतं की असंच होतं.

डबड्यातले दाणे तिने परत पिंपात ओतले. मग थोडं थांबून पहिला चिमटा उजवीकडे सरकवला. आपण पुरावा खोटा करतोय, हे तिला कळत होतं.

*

सकाळी दादाचा निरोप मिळाला तेव्हापासून बेबी धुमसत होती. 'आई यायला तयार झाली. जनावरं आज जाणार.' सगळ्यांत धाकटी म्हणून एक्केचाळीस वर्षं बेबीच राहिलेली ही बाई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. पुराव्याशिवाय ती कोणाचं ऐकून घेत नसे. भावाचं तर मुळीच नाही.

"तू तिला काय सांगितलंस?" तिने सूपचा पहिला घोट घ्यायच्या आधीच विचारलं.

"काही नाही."

"दोन वर्षं भुणभुण लावलीस आणि म्हणे काही नाही."

"बेबी, सूप निवतंय," आई म्हणाली.

"काका कुठेत?"

वहिनी, म्हणजे दादाची बायको, घरात असली की काका जेवायला या बाजूला येत नसत. वहिनी घरांचे नकाशे काढायची. मागच्या वर्षी तिने हौसेने याच घराच्या दुरुस्तीचा नकाशा काढून टेबलावर पसरला होता, आणि काकांच्या दोन खोल्यांच्या जागी सुबक अक्षरांत 'गाडीची शेड' असं लिहिलं होतं. पुढे कधीतरी, तीस-चाळीस वर्षांनी, असं तिला म्हणायचं होतं. ती तीस-चाळीस वर्षं नकाशात दाखवायची राहून गेली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नव्हता.

"भाऊजींचं ताट मी देऊन आले," आई म्हणाली. मग तिने चमचा खाली ठेवला. "आणि दादाच्या मागे लागू नकोस. फोन मी केला. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली."

"सगळ्यांचंच होतं तसं."

"तसं नाही. कोंबड्यांना दाणे घालते आणि घातल्याचं विसरते. चारा घालते आणि विसरते. पुन्हा घालायला जाते. आज दाणे आहेत, उद्या गॅस असेल. डोकं ठिकाणावर आहे तोवर माझं मी ठरवलेलं बरं. नंतर तुम्हाला ठरवावं लागेल आणि मग तुम्ही भांडत बसाल."

"कधीपासून? किती वेळा? लिहून ठेवलंयस?"

"ठेवलंय."

त्या एका शब्दाने बेबीच्या हातातली काठीच काढून घेतली. आईने लिहून ठेवलं असेल तर ते खरं असणार. तिने ब्रेडचा तुकडा मोडला आणि तो न खाताच म्हणाली, "आमच्याकडे एक डॉक्टरबाई आहेत. हेच बघतात. तू दादाकडे असलीस तर दर महिन्याला दाखवता येईल."

दादाने तिच्याकडे चमकून पाहिलं. गेल्या दोन वर्षांत ती प्रथमच त्याच्या बाजूने बोलली होती, आणि दोघांनाही ते अवघडल्यासारखं झालं.

वहिनीचा चमचा मघापासून वाडग्यात तसाच उभा होता. बेबीच्या ते लक्षात आलं. सासू कायमची घरी येणार म्हणून हिची भूक उडाली असेल, असं तिला वाटलं.

*

"दाणे मी घालत होते," सून म्हणाली.

जेवणं झाल्यावर ती दोघं नाशपातीखालची पानं ओढत होती. दादाचं दाताळं थांबलं.

"काय?"

"डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आई ऐकणार होत्या का? म्हणून त्या थेंब टाकून पडल्या की मी मागच्या दाराने जायचे. दाणे, पाणी, खुराडं झाडणं. परत येऊन अंथरुणात शिरायचे आणि आठला जांभया देत खाली. महिना संपल्यावर थांबणार होते. पण त्यांना अजून अंधूक दिसतंय, म्हटलं आणखी थोडे दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या घरात?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने जेवताना सांगितलं होतं, की आज मी घरातले सगळे पडदे धुतले. त्यावर बाबांनी अगदी प्रेमाने विचारलं होतं, मग दवंडी कधी पिटायची? सगळे हसले, तीही हसली. केलेलं काम बोलून दाखवायचं नाही, एवढा एकच नियम या घरात होता. तिने तो असा काही उचलला, की जन्मल्यापासून तो पाळणाऱ्यांनाही तिला काही शिकवायचं उरलं नाही.

"आणि चारा?" दादाने विचारलं.

"चाऱ्याचं काय?"

"आई म्हणाली, चारा घालून विसरते."

"चारा मी नाही घातला. गोठ्यात मी पाऊलसुद्धा टाकत नाही. ती गाय मला बघितलं की शेपटी मारते."

दादाने दाताळं झाडाला टेकवून ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं, आणि ते पाहून तिला कसंतरीच झालं.

"म्हणजे दाण्यांचं तू," तो म्हणाला. "पण चाऱ्याचं ती खरंच विसरतेय."

"असेल. पण दाण्यांचं त्यांना सांगायला हवं."

"सांग. मग ती तेवढंच धरून बसेल. 'बघा, मला काही झालेलं नाही.' चाऱ्याचं सोडून देईल. गाडीवाल्याला परत पाठवेल. आणि हिवाळ्यात इथे एकटी, डोक्याला काहीतरी होतंय, दवाखाना तासाभरावर. आज ती आपणहून तयार झाली आहे. पुन्हा नाही होणार."

"अहो, पण त्या घाबरल्यात."

"तिकडे आली की सांगू. मी सांगेन."

"जनावरं गेल्यावर सांगून काय करायचं?"

तो पुन्हा पानं ओढू लागला. तो खोटं बोलत नव्हता. रात्री फोन वाजला की तो कसा दचकून उठतो, ते तिने दोन वर्षं पाहिलं होतं. तिनेही कोणाला एक शब्द खोटा सांगितला नव्हता. सगळ्यांनी सगळं चांगल्यासाठीच केलं होतं. तरी त्यातून हे असं कसं निघालं, हे ती ढिगाभोवती फिरत शोधत राहिली, आणि ओढलेली पानं पुन्हा ओढत राहिली.

*

काकांना कळलं ते गाडी अंगणात मागे घेताना वाजते त्या आवाजाने. ते भिंग कपाळावर सरकवून बाहेर आले. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती, आणि अजूनही कोणी ना कोणी एखादं आणून देई. गाडीची चढायची फळी खाली सोडली होती आणि थोरली शेळी ओरडत वर चढवली जात होती. वकील मान लांब करून गाडीच्या चाकाशी भांडत होता.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"सांगणारच होते भाऊजी. दुपारी ताट घेऊन आले तेव्हा. तुम्ही घड्याळ उघडून बसला होतात."

"मग?"

"स्प्रिंग बाहेर होती. म्हटलं दचकाल, उडून जाईल."

काका कुंपणाला टेकले. दुसरी शेळीही वर गेली. व्यापारी रुंद खांद्यांचा, हलक्या हाताचा माणूस होता. त्याने फळीवरच धाकटीला थांबवून तिच्या पुढच्या पायांमध्ये बोटं घातली, मग खाली येऊन गाईच्या शेपटीच्या मुळाशी दाबून पाहिलं.

"काकू, ही किती घरी जेवतात?"

"म्हणजे?" बेबीने विचारलं.

"शेळीच्या छातीच्या हाडावर बघा, बोट रुततंय. गाईचंही तेच. कोणीतरी दोनदा घालतंय यांना."

"मीच," आई म्हणाली. दुखणं सांगावं तशी, खालच्या आवाजात. "घालते आणि विसरते. मग पुन्हा घालते."

काकांना आधी वाटलं, वहिनी आपल्याला पाठीशी घालतायत. नंतर त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ती कोणाला पाठीशी घालत नव्हती. तिला ते खरं वाटत होतं.

"आई, दाणे मी घालत होते."

हे सून बोलली होती. दादाकडे तिची पाठ होती. "तुम्ही थेंब टाकून पडायचात तेव्हा. पाणी आणि खुराडंही मीच. तुम्ही वाकू नये म्हणून. तुम्ही काही विसरला नाहीत." मग ती अडखळली. "निदान दाण्यांचं तरी. चारा मी घातला नाही. चाऱ्याचं मला माहीत नाही."

तिला अर्धंच ठाऊक होतं, म्हणून अर्धंच सोडवता येत होतं. उरलेल्या अर्ध्याने वहिनींचा चेहरा पुन्हा झाकोळून आला. काका कुंपणापासून सुटे झाले.

"चारा मी," ते म्हणाले, आणि वर्षभरात प्रथमच सुनेकडे पाहून म्हणाले. "पाच वाजता. झोप लागत नाही मला. वहिनींना काळ्या चष्म्यात गवत उचलायचा काटा चाचपडताना बघितलं, तेव्हापासून."

"पण तुमच्या दाराची कडी नऊला वाजते," सून म्हणाली.

"पुढच्या. गोठ्याकडच्या दाराला कडीच नाही."

"मग मला सांगायचं नाही का काका?"

"कसं सांगणार? आपण बोलत नव्हतो ना."

*

आई खुशीत हसेल, निदान हुश्श करेल, असं दादाला वाटलं होतं. ती फळीच्या कडेवर बसली आणि तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"रोज सकाळी मी स्वतःची परीक्षा घेत होते," ती म्हणाली. "रोज नापास होत होते. आणि तुम्ही दोघं पुण्य कमवत होतात."

सून मान खाली घालून उभी राहिली. काकांनी भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं, मग पुन्हा बाहेर काढलं.

"दादा," बेबी म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"दाण्यांचं. दुपारपासून."

"आणि मग?"

"आणि मग पानं ओढत होतो."

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला ते रागावण्यापेक्षा वाईट वाटलं. तिने स्वेटरच्या खिशातून थेंबांच्या बाटलीसोबत येतो तो घडीचा कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला बारीक अक्षरांत ओळी होत्या.

"आता नीटच होऊ दे," ती म्हणाली. "वाचते. ज्याचं असेल त्याने बोलायचं. सोमवार, दाणे."

"मी," सून म्हणाली.

"सोमवार, शेळ्यांचा चारा."

"मी," काका म्हणाले.

"मंगळवार, पाण्याची बादली आतून घासलेली."

"मी. शेवाळ धरलं होतं," सून म्हणाली.

"मला वाटलं मी घासली आणि विसरले. बुधवार, गोठ्याची खिडकी लावलेली."

"मी. वारा येत होता."

"तुम्ही लावायचात आणि मी उघडायची," सून म्हणाली. "मला वाटायचं, गाय घुसमटतेय."

"तुम्ही तर गोठ्यात पाऊल टाकत नाही ना?" काकांनी विचारलं.

"बाहेरून उघडायची."

"मग रोज उघडी कशी मिळते म्हणून मी बिजागरी बदलली की हो."

व्यापारी गाडीला टेकून हे ऐकत होता. आता त्याला हसू आवरेना. बेबी बोटांवर मोजत होती. कागदावरची एकेक ओळ सुटत होती आणि आईचा आवाज पुन्हा दुकानातल्यासारखा होत होता, सरळ आणि न थांबणारा.

"शनिवार. हंस कोंबड्यांच्या खुराड्यात, दार आतून लोटलेलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते वकिलाचं स्वतःचं काम," काका म्हणाले. "त्याला कोंडायची आमची कोणाची हिंमत नाही."

"बरं." आईने बोट खालच्या ओळीवर नेलं. "गुरुवार. दुधाचं पातेलं. कपड्यांच्या कपाटात, चादरींच्या शेजारी. वर ताटली झाकलेली."

काका सुनेकडे बघू लागले. सुनेने मान हलवली. "मी ते कपाट उघडलंच नाही गुरुवारी. दिवसभर नकाशा चालला होता."

"मी तर या बाजूला येतच नाही," काका म्हणाले.

अंगणात फक्त शेळीचं ओरडणं राहिलं, तेही आता गाडीच्या पत्र्यातून येत होतं. ताटली झाकलेली, हे दादाच्या मनात रुतलं. चुकून ठेवलेलं पातेलं कोणी असं नीट झाकत नाही. ज्याने ठेवलं त्याला त्या क्षणी ते तिथेच ठेवायचं होतं.

"मी," तो म्हणाला.

आईने चष्मा काढला. प्रकाशाने डोळे बारीक झाले, तरी तिने ते त्याच्यावर रोखले.

"तू गुरुवारी इथे नव्हतास. पुलावर होतास. संध्याकाळी फोन केलास, वारा फार आहे, काम उद्यावर ढकललं म्हणालास. मागे कोणाचीतरी गाडी चालू होत नव्हती."

सगळं तसंच होतं. त्यालाही गाडीचं आठवत नव्हतं.

"मग हे माझं," आई म्हणाली. सगळे आपापल्या छत्र्या घेऊन गेल्यावर उरलेली एक आपलीच, अशा सुरात. तिने कागदाची घडी घातली. "बाकीची तुमची. हे माझं."

"एकाने काही होत नाही," बेबी घाईने म्हणाली. "परवा मी किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. खरंच."

"होत नसेल. होतही असेल. तुझ्या त्या डॉक्टरबाई बघतील. महिन्यातून एकदा बसने जाईन, बसने परत येईन."

"आणि हिवाळा?" दादाने विचारलं.

"हिवाळा इथे." आता ती त्याच्याकडे बघत होती. "रंगवलेली खोली कुठे जात नाही. वेळ आली की येईन. पण ती आली आहे की नाही हे मला खऱ्या आकड्यांवरून कळायला हवं, तुमच्या चांगुलपणावरून नाही. भाऊजी, चारा आजपासून तुमचा. मी काट्याला हात लावणार नाही. सूनबाई, तू घरी जा. दाणे मी घालणार, वाकून घालणार, आणि दाणे नसतील तर कोंबड्या बोंबलतील."

व्यापाऱ्याने घसा साफ केला. "मग काकू, उतरवू का सगळं?"

"शेळ्या उतरवा. कोंबड्या राहू देत."

"आणि गाय?"

आई उठली आणि गाईपाशी गेली. गाय तिच्या स्वेटरची बाही चाटू लागली.

"शेळ्या आटलेल्या आहेत," ती म्हणाली. "हिचं दूध रोज दोनदा काढावं लागतं. एक वेळ जरी राहून गेली तरी कास सुजते. कोंबडी ओरडून सांगते. ही सांगत नाही, उभी राहते नुसती."

"मी काढीन की," काका म्हणाले.

"तुमच्या बोटांत स्प्रिंग बसते, भाऊजी. सड बसत नाही. करून पाहिलंय आपण."

"आई, एका पातेल्यावरून..." दादाने सुरुवात केली, आणि आपण आता नेमकं कोणत्या बाजूने बोलतोय, हे न कळून थांबला.

"गाय न्या," आई म्हणाली.

शेळ्या उतरायला तयार नव्हत्या. चढायला जेवढी ओढाताण झाली त्याच्या दुप्पट उतरायला झाली. बेबी आत शिरून मागून ढकलत होती आणि फळीच्या तोंडाशी सून ओढत होती. "कानाला नका धरू, शिंगाला धरा," असं काका तिला सांगत होते, आणि ती, "तुम्हीच धरा ना मग," असं म्हणत होती. दादाने फळी दाबून धरली. दुसरं काही करण्यासारखं त्याला सापडलं नाही.

गाईला ओढावं लागलं नाही. आई पुढे चालली आणि गाय तिच्या मागे फळीवरून वर गेली. थोड्या वेळाने आई एकटीच खाली आली. तिने फळी उचलायला व्यापाऱ्याला हात दिला, कडी बसली का ते ओढून पाहिलं.

"डाव्या बाजूने बसायचं," ती म्हणाली. "उजवीकडून बसलं तर पाय झाडते. पहिल्या दोन धारा खाली सोडायच्या. आणि सकाळी न बोलता जवळ जायचं नाही. आधी हाक मारायची, मग दार उघडायचं."

"लक्षात ठेवतो, काकू."

"नको," आई म्हणाली. "लिहून घ्या."